नावाडी तोकुबेई

ज्या वर्षी हिसाएच्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी आल्यामुळे तिची खोली गेली, ते १९९७ साल. तेव्हापासून काम सुटलं की ती जपानमधल्या कोकुरा शहराच्या बाजारपेठेत, नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानात जाऊन बसायची. तिथली यंत्रं पाठीला पाठ लावून मांडलेली. पलीकडच्या यंत्रावरून आपल्याशी कोण लढतंय ते दिसत नसे, आणि हरलेल्यानं डोकावून न बघायची रीत होती.

शुंजीनं ती मोडली. हरला, आणि सरळ वळसा घालून तिच्यापाशी आला.

"मला वाटलं, कुणी दाढीवाला पैलवान असेल."

"मग, निराशा झाली?"

"अजून ठरवतोय... रोज येऊन बघावं लागेल."

तो रोज आला.

त्या हिवाळ्यात दुकानात एकाच गोष्टीवर भांडणं चालत. खेळ बनवणाऱ्या दोन कंपन्या आपापले लढवय्ये एकाच नव्या खेळात उतरवणार होत्या, आणि त्यात खेळायला कोण कोण असावं, हे एका मासिकानं वाचकांना पोस्टकार्डावर कळवायला सांगितलं होतं. हिसाएला वाऱ्यासारखी तलवार चालवणारी मिझुहा हवी होती. शुंजीला हवा होता तोकुबेई — कधीच बंद पडलेल्या एका खेळातला म्हातारा नावाडी. त्याला फक्त वल्हं फिरवता यायचं, तेही सावकाश.

"त्या म्हाताऱ्याला कोण घेणार?" ती विचारी.

"मी."

"आणि दुसरं कोण?"

"सावकाश हातांचं कुणीतरी असेलच की जगात..."

ती हसायची. मग दोघं दारातल्या यंत्रातून गरम कॉफीचे डबे घेत, आणि तो आपला डबा तिच्यापुढे धरी. तू उघडलेली जास्त गोड लागते, म्हणायचा. ती लाजायची. उघडून देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागत — ती नेहमी गार असत.

फेब्रुवारीत पलीकडून येणारा, खेळातला माणूस हलवायच्या दांड्याचा खडखडाट मंदावला. पडद्यावरचा त्याचा माणूस उशिरा वळू लागला, उशिरा उडी मारू लागला. एका संध्याकाळी, शेवटच्या फेरीत, तिला ते बघवेना. तिनं बटणांवरून हात उचलले. तो जिंकला.

तो वळसा घालून आला, तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"हात का थांबवलास?"

"तू दमला होतास..."

"स्नायू जाताहेत माझे. डॉक्टर म्हणतात, थांबणार नाही." तो हळूच म्हणाला. "घरी सगळे जपून वागतात. इथे एकटी तू मला मनापासून मारायचीस. म्हणून तर... म्हणून आवडायचीस तू मला."

आवडायचीस, म्हणाला. तो निघून गेला, पुन्हा आला नाही. तेव्हा कुठे तिला ते उघडायला पुढे केलेले कॉफीचे डबे आठवले.

तिनं पोस्टकार्ड टाकलं, तोकुबेईच्या नावाचं. मग दुकानातल्या एकेकाच्या हातापाया पडून त्यांनाही टाकायला लावलं.

पत्ता मिळवून ती रुग्णालयात पोचली, तेव्हा उन्हाळा होता. त्याचे हात चादरीवर ठेवल्यासारखे पडले होते.

"पुन्हा खेळू," ती म्हणाली. "दया नाही दाखवणार. शपथ."

"आता बटण दाबलं जात नाही, हिसाए."

तिनं त्याचा हात हातात घेतला. बोटं गारच होती. तिनं सांगून टाकलं, की तूही मला आवडतोस, पहिल्या दिवसापासून.

"तोकुबेई आला," तो म्हणाला, "तर एकदा तरी त्याला घे."

नोव्हेंबरात खेळ आला. दुकानात रांग लागली होती. हिसाएनं नाणं टाकलं आणि सगळे चेहरे एकेक करून बघितले. मिझुहा होती. तोकुबेई नव्हता. तिनं मिझुहाला घेतलं. लढत नदीकाठी लागली, आणि मागे, चित्रातल्या पाण्यावर, एक म्हातारा वल्हं मारत चालला होता — सावकाश. त्याला निवडायची सोय नव्हती.

तिनं हात खाली घेतले. पुढे मिझुहा मार खात राहिली, आणि नाव पडद्याच्या कडेला जाईपर्यंत हिसाए बघत राहिली.

शुंजी त्याच्या आदल्या महिन्यात, ऑक्टोबर १९९८ मध्ये, वारला होता. तो तेवीस वर्षांचा होता.