दूध देणारा बोकड

ताम्हिणीच्या धाब्यावर मी चहाला थांबले, तेव्हा मागच्या गोठ्यात एक तरुण मुलगा शेळीचं दूध काढत होता. मी सहज पाहिलं... आणि कप हातातच राहिला. जाडजूड शिंगं, लांब दाढी, आणि... बोकडच की तो!

"अहो, हा — हा बोकड आहे!"

"व्हय," तो मान वर न करता म्हणाला. "त्यालाबी सांगून बघितलं. ऐकत न्हाई."

मी मृण्मयी. पुण्यात जनावरांच्या हार्मोन्सच्या बिघाडांवर संशोधन करते. असा बोकड आजवर फक्त पुस्तकात वाचला होता. धो धो पावसात गाडीकडे धावले आणि बॅग घेऊन आले.

त्याचं नाव कैलास. धाबा त्याचा आणि त्याच्या आईचा, चांगुणाबाईंचा. बोकडाचं नाव सुलतान. नराला दूध येतं म्हणजे अपशकुन, असं गावाने म्हणून म्हणून चांगुणाबाईंना घाबरवलं होतं. रविवारी सुलतान कापला जाणार होता.

"अपशकुन नाही, मावशी, आजार आहे," मी म्हणाले. "दूध आणणारं हार्मोन वाढलंय. मला उपचार करू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "दिवाळीपातूर ठिवते. तवर बरा न्हाई झाला, तर माझ्या दारात नको."

"या गोळ्या रोज द्या, आणि एकच पथ्य," मी कैलासला बजावलं. "दूध काढायचं नाही. काढलं की हार्मोन आणखी वाढतं."

"डॉक्टर सांगतील तसं," तो हसला. गालावर खळी पडली... मी घाईने सिरिंज शोधू लागले.

मग दर आठवड्याला मी रक्त घ्यायला जायची. धुक्यात घाट दिसत नसे, पण छत्री घेऊन रस्त्यावर उभा असलेला कैलास दिसायचा.

"सुलतानला सुई किती हळू टोचता... मला टोचून घ्यायची असंल तर कुटं यावं?"

"माणसांच्या डॉक्टरकडे."

"त्यांना काय कळायचं माझं दुखणं?"

मी हसू दाबायची.

पण रिपोर्ट पाहून चक्रावून जायची. हार्मोन उतरतच नव्हतं! आमच्या लॅबचे प्रमुख जनार्दन सर तर हरखले. "हा वेगळाच प्रकार दिसतोय, पेपर लिही." मी लिहायला घेतला. दिवाळी जवळ येत होती, आणि सुलतानच्या काळजीने मला जेवण जात नव्हतं.

एका दुपारी न कळवताच गेले. गोठ्यात कैलास — आणि सुलतानखाली तांब्या. धारांचा आवाज येत होता.

मला पाहताच तांब्या कलंडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्यापास्नं..."

"पण का?"

"त्यो बरा झाला असता, तर तुमी कशाला आला असता?"

"माझं सगळं काम खोटं ठरलं, कैलास! आणि दिवाळीला सुलतान कापला गेला असता तर?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "त्ये... माझ्या डोक्यातच आलं न्हाई."

मी घाटभर रडत परतले. सरांना खरं सांगून पेपर थांबवला. त्यानंतर रक्त आणायला लॅबमधल्या नथूकाकांना पाठवू लागले, आणि तेव्हाच मला दुसरा धक्का बसला. नथूकाका तर पहिल्यापासूनच जाऊ शकले असते. मग मी का जात होते?

"त्या पोरानं गोठ्याला कुलूप घातलंय," काका सांगायचे. "किल्ली आईकडं."

रिपोर्ट उतरत गेले. दिवाळीच्या तोंडावर सुलतान पूर्ण बरा झाला. शेवटचा रिपोर्ट आला त्याच सकाळी मी ताम्हिणी गाठली.

"बोकड बरा झाला की वो," चांगुणाबाई कढईवरून म्हणाल्या. "आता काय काम काढलं?"

"कैलासना भेटायचंय."

टेबल पुसता पुसता तो थिजला.

"मी यावं असं का वाटत होतं?" मी विचारलं. "आता खरं सांगा."

"आईसमोर?"

"हो."

त्याचे कान लाल झाले. "तुमी... आवडता मला. लई."

"अगं बया!" चांगुणाबाई मटकन बाकावर बसल्या. कढईतली भजी करपू लागली, तरी त्यांची नजर माझ्यावरून हलेना. "आन् तुमचं वो, डाक्टरीणबाई?"

मी कैलासकडे पाहिलं.

"माझंही... तेच."