सैल धागा

मिरजेच्या स्मृतिसंधान प्रयोगशाळेत शिरताच हेमांगी पोतनीसला समोरच्या भिंतीवर स्वतःचीच 'द्रुतपत्रिका' काचेत मढवून लावलेली दिसली. 'अनुबंध' ही नवी वस्तुकेंद्री संगणकभाषा जुन्या भाषांत मुरलेल्या प्रोग्रामरांना आठवड्याभरात वापरता यावी, म्हणून तिने ही दोन पानांची पत्रिका लिहिली होती. डाव्या रकान्यात जुनी सवय, उजव्या रकान्यात नवी रीत.

"देवाच्या तसबिरीसारखी लावलीत की रे!"

"उदबत्ती तेवढी राहिलीय, मॅडम," इथला मुख्य प्रोग्रामर अल्ताफ मुजावर म्हणाला. "मूळ ग्रंथ आठशे पानांचा. तो उघडून वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. आम्ही सगळे तुमच्या दोन पानांवरच वाढलो."

बोलणे हसरे होते, पण चेहरा उतरलेला होता. त्याने तिला खुर्ची दिली आणि दार लोटून घेतले.

"स्मृतिपूरकाबद्दल बोलायचंय. तुमच्या वडिलांना बसवलाय तोच."

हेमांगी सावरून बसली. विस्मृतीच्या रुग्णांच्या कानामागे बसवले जाणारे ते यंत्र मेंदूतून निसटू लागलेल्या आठवणी स्वतःकडे घेई आणि हाक आली की परत देई. अप्पांना ते बसवल्यापासून घर पुन्हा घरासारखे वाटू लागले होते. गेल्या वर्षी प्रयोगशाळेने पूरकाची सारी प्रणाली जुन्या भाषेतून 'अनुबंध'मध्ये आणली होती.

"पूरकात प्रत्येक आठवण ही एक वस्तू," अल्ताफ सांगू लागला. "वस्तूला कुणीतरी धाग्याने धरून ठेवलेलं असतं. जिला कुणीच धरलेलं नाही ती निरुपयोगी समजून भाषा झाडून टाकते. जुन्या भाषेत 'नष्ट कर' असं आपण सांगायचो, इथे रोज रात्री आपोआप झाडणी होते. बरोबर?"

"मीच लिहिलंय ते."

"आणि हेही. 'दोन वस्तू एकमेकींना धरून बसत असतील, तर त्यांच्यात सैल धागा वापरा. नाहीतर त्या कधीच सुटत नाहीत आणि जागा भरून जाते.' झाडणी सैल धागा मोजत नाही."

"त्यात चूक काय आहे?"

"काहीच नाही. पण मॅडम, आठवणी कशा असतात? आईवरून स्वयंपाकघर आठवतं, स्वयंपाकघरावरून आई. साऱ्याच एकमेकींना धरून बसलेल्या. आमच्या इथल्या प्रोग्रामरांनी पत्रिका पाहिली आणि आठवणी-आठवणींतले सगळे धागे सैल केले."

हेमांगीला आता हिशेब दिसू लागला. "म्हणजे पक्का धागा उरला तो फक्त..."

"बाहेरून येणारा. कुणी विचारलं, कुणी नाव काढलं, की त्या आठवणीला पक्का धागा मिळतो. तो साधारण वर्षभर टिकतो; नव्या भाषेत आणताना तसा एक सगळ्याच आठवणींना मिळाला होता. बराच काळ ज्याबद्दल कुणी बोललंच नाही, ते झाडलं जातं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. अप्पांशी घरात दिवसभर बोलणे चाले. पाटबंधारे खात्यातल्या बदल्या, आईच्या हातचे थालीपीठ, सांगलीचा पूर. आल्यागेल्याला ती मुद्दाम सांगे, अप्पांना जुने काही विचारत जा.

पण आल्यागेल्याला ती आणखी एक गोष्ट सांगत असे. निषादचा विषय काढू नका.

निषाद तिचा धाकटा भाऊ. कॉलेजच्या सहलीत बुडाला. तेव्हापासून पोतनीसांच्या घरात त्याचे नाव मोठ्याने घेतले गेले नव्हते. फोटो कपाटात गेला, त्याच्या वाढदिवसाला गोड होईना. अप्पांना त्रास नको, एवढाच हेतू. ते मनात त्याला आठवत असणार, हे सगळ्यांनी धरून चालले होते.

"मनातल्या मनात आठवलं तर?" तिने विचारले.

"म्हणजे एका आठवणीने दुसरीला हाक मारणं. तो धागा सैलच."

"आत डोकावून बघ ना, आहे का ते."

"डोकावणं म्हणजेच हाक मारणं, मॅडम. आणि वस्तू नसेल तर काय होतं, तेही तुमच्या पत्रिकेत आहे."

होते. तिला ती ओळ पाठ होती. 'नसलेल्या वस्तूला हाक मारल्यास प्रोग्राम अडत नाही. त्या नावाची कोरी वस्तू तयार होते आणि तिला तिच्या वर्गाचे, म्हणजे तशा साऱ्या वस्तूंचे, सर्वसाधारण गुण मिळतात.' प्रोग्रामरांना हीच सोय सर्वांत आवडली होती.

"झाडणी थांबव मग."

"एक झाडणी चुकली तरी तासाभरात जागा भरते, पूरक बंद पडतो. उद्या दुरुस्ती बसवतोय. त्यानंतर जे आत असेल ते कायमचं पक्कं. पण आजची झाडणी व्हायचीच." अल्ताफने मान खाली घातली. "आठवण शेवटच्या टोकाला उभी असेल, तर आज विचारल्याने वाचेल. आधीच गेली असेल तर... मी काय सांगू तुम्हाला?"

दुपारी ती सांगलीला घरी पोहोचली. अप्पा ओसरीत पाण्याच्या पातेल्यात आवळे धूत बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? मिरजेला काय म्हणतायत? डोकं शाबूत आहे ना माझं?"

"तुमचं आहे. माझंच तपासायला हवं."

ते खदखदून हसले. ती त्यांच्यासमोर बसली. विचारले तर एक धोका, न विचारले तर दुसरा. आणि खरे काय, हे ठरवायला विचारण्यावाचून मार्ग नव्हता. तिने एक आवळा उचलला, परत पाण्यात सोडला.

"अप्पा, निषादची आठवण येते का हो?"

ओसरीत ते नाव किती वर्षांनी उमटले होते! अप्पांचे हात थांबले. क्षणभर त्यांची नजर कुठेतरी आत गेली. मग ते सहज म्हणाले, "येते की. मुलगा आहे माझा."

हेमांगीचे डोळे भरून आले. वाचला होता.

"पण त्याला येते का आपली?" अप्पा पुढे म्हणाले. "मुलं एकदा नोकरीला बाहेर पडली की असंच. फोन नाही, काही नाही. त्या समोरच्या शेट्यांचा मुलगाही तसलाच."

तिला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "अप्पा... तो हसायचा कसा, आठवतं?"

"हसायचा? चांगला हसायचा. सगळी मुलं हसतात तसा."

निषाद हसताना तोंडावर हात धरी, पुढचा दात तुटला होता म्हणून. तो दात अप्पांच्याच सायकलवरून पडून तुटला होता, आणि ती गोष्ट ते पूर्वी दर पाहुण्याला सांगत. आता त्यांच्या डोळ्यांत कुठलीही सायकल नव्हती. पाहिलेल्या, ऐकलेल्या साऱ्या मुलग्यांच्या सर्वसाधारण गुणांतून एक मुलगा तिच्या प्रश्नासरशी उभा राहिला होता. सर्वसाधारण मुलगा जिवंत असतो, नोकरी करतो, कामात असतो, सणाला घरी येतो.

उद्या दुरुस्ती होणार होती. हा मुलगा आता कधीच झाडला जाणार नव्हता. तो गेला म्हणून सांगावे, तर अप्पांना मुलगा आज गेल्याचे दुःख. न सांगावे, तर रोज त्याची वाट पाहणे. तिने मान फिरवून डोळे पुसले.

"रडतेस कशाला वेडे? नाही आला तर नाही आला," अप्पा तिची समजूत घालू लागले. "मी बोलतो त्याच्याशी. दिवाळीला ये म्हणतो, माझं नाही मोडायचा. लाव बघू फोन."

त्यांनी ओले हात पंच्याला पुसले आणि फोनसाठी तळहात पुढे केला.