पुढे ओढलेली सीट

“काप! अजून काप!”

पापांच्या काठीचं टोक सीटच्या पाठीवर टकटकलं, आणि एर्लिंडाच्या हातातली विजेची सुरी नुसतीच घरघरत राहिली... फोमचा पिवळा भुगा तिच्या केसांत, भुवयांवर, घामेजल्या गळ्यावर चिकटला होता, सकाळी तव्यावर भाजलेल्या तोर्तिया स्वयंपाकघरात वातड होऊन गेल्या होत्या, आणि हा जन्मदाता बाप शेडमध्ये तिच्या डोक्यावर उभा राहून एकच धोशा लावत होता, की सीट चुकली, सीट चुकली, सीट चुकली!

“काय चुकलं ते तरी सांगा ना, पापा!”

“मांडीखाली फोम लांब झालाय. आखूड कर. आणि सीट पुढे घे. अजून पुढे.”

“अजून पुढे? अहो, तुमच्या लेकाचे, एलॉयचे गुडघे स्टिअरिंगवर आपटतील! केवढा उंच माणूस तो! त्याला एकदा बोलवा, बसवा, मग मी कापते.”

“त्याला बोलवायची गरज नाही. मी सांगतो तसं कर.”

झालं! पुढे बोलायची सोयच नाही. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं... एर्लिंडाने दात आवळले आणि सुरी पुन्हा फोमला लावली.

बरं, नियम कुणाचा? पापांचाच! गिऱ्हाईक बसल्याशिवाय सीट होत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. कापड चढवण्याआधी, उघड्या फोमवर माणसाला बसवायचं. रोजचेच बूट पायात, मागच्या खिशातलं पाकीट बाहेर, हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर. मग जिथे टोचतं तिथे खडूची खूण करायची आणि तेवढंच तासायचं. एर्लिंडाने आयुष्यभर हाच नियम पाळला, म्हणून तर सांता फेपासून ताओसपर्यंतचे जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्या शेडपुढे गाड्या लावून ताटकळत बसत. पण पिकतं तिथे विकत नाही! साऱ्या खोऱ्याने तिच्या शिलाईला हात लावून वाहवा केली, आणि घरात बसलेल्या या एका माणसाच्या तोंडून ‘बरं झालंय’ एवढंही कधी निघालं नाही.

आणि शिवाय ही गाडी काही परक्या गिऱ्हाइकाची नव्हती. पापांची त्रेपन्न सालची निळी पिकअप होती ती. कंबर मोडून एक पाय ताठ झाल्यापासून पापांना ती चालवता आली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला त्यांनी चालवू दिली नव्हती. तिच्यात या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब बाकडं होतं. डावीकडे पापा, उजवीकडे खिडकीशी एलॉयला मांडीवर घेतलेली आई, आणि मधे, गिअरच्या दांड्याला वाट द्यायला गुडघे एका बाजूला वळवून बसलेली एर्लिंडा... बाकड्यावरची तेवढी वीतभर जागा, एवढाच काय तो तिचा त्या गाडीवरचा हक्क.

ईस्टरच्या जेवणात पापांनी पोसोलेच्या रश्शाचा वाडगा बाजूला सारून एकाएकी फर्मान काढलं होतं, “लिंडा, ते बाकडं काढून टाक. दोन वेगळ्या सीटा कर. गावच्या फिएस्ताच्या मिरवणुकीत गाडी काढायचीय.”

एलॉयने टेबलावर थाप मारली होती. “वा पापा! आता खरी गाडी होईल. मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा!”

पापांनी वाडगा पुन्हा पुढ्यात ओढला होता. नुसते खाली बघून वाडग्यात चमचा फिरवत राहिले होते.

एर्लिंडाने मात्र मनातल्या मनात सीटा मोजल्या. दोन सीटा! एक मुलाची, एक बापाची... आणि मधली जागा? मधली जागा आता उरणारच नव्हती! आणि ती काढून टाकायची कुणी, तर एर्लिंडानेच. आपल्याच हाताने बोल्ट खोलायचे, आपल्याच हाताने आपली जागा उचलून भंगारात टाकायची, आणि वर त्या दोघांसाठी मऊमऊ सीटा शिवून द्यायच्या! मुकी बिचारी कुणी हाका!

तिने तेही केलं. मोडीत निघालेल्या एका छोट्या गाडीतल्या सीटांचे सांगाडे आणले, पिकअपच्या गंजक्या तळाला पत्रा जोडून घेतला, त्यावर सांगाडे बसवले, फोम चिकटवला. करत आली होती ती, आयुष्यभर. आई गेली, त्याच हिवाळ्यात पापा छपरावरून पडले, आणि एलॉय अजून शाळेत... ज्याच्याशी तिचं लग्न ठरत आलं होतं, तो बेनी तेव्हा कोलोरॅडोला कामाला निघाला होता. “चल माझ्याबरोबर,” तो दारात उभा राहून म्हणाला होता. आत पापा पलंगावर कण्हत होते आणि शेडमध्ये लोकांच्या अर्धवट गाद्या पडल्या होत्या. ती शिवणयंत्रावर जाऊन बसली, ती बसलीच! बेनीने वाट पाहिली, मग तिकडेच लग्न केलं. एलॉय शिकला, आल्बुकर्कीला गेला, तिथे त्याने घर केलं, आणि तो आला की पापांचा चेहरा कसा फुलून यायचा... तिच्याकडे बघून कधी फुलला होता तो?

एकदाच, अगदी कोवळ्या वयात, तिने ती पिकअप चालवली होती. पापांना न विचारता. वळणावर क्लच दाबला, दाबला, तरी गिअर पडेना, आणि गाडी सरळ शेताच्या पाटात! पापांनी चिखलात रुतलेल्या गाडीतून किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, “हे तुझं काम नाही.” बस, तेवढंच. त्यानंतर त्या स्टिअरिंगला तिने फक्त फडकं लावलं.

“पाठीचा उंचवटा खाली घे,” पापा आता शेडमध्ये म्हणत होते. हाताने फोम चाचपत, डोळे बारीक करून. “अजून खाली. इथे. कमरेच्या अगदी वर.”

तिला एकदम उमगलं, आणि उमगताच तिच्या जिवाचा संताप संताप झाला. म्हाताऱ्याच्या मनात एलॉय मोठाच झाला नव्हता! तो लाडका पोरगा अजून बारा वर्षांचाच होता त्यांच्या लेखी, आणि त्या पोराच्या मापाची सीट ते तिच्याकडून कापून घेत होते. वेड्या मायेपुढे शहाणपण कुठे चालतं! आणि तिच्या वाट्याला काय? नुसता भुगा!

तरी तिने कापलं.

फिएस्ताच्या आधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, एलॉय न सांगता येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, नवे बूट, हातात बिस्कोचितो बिस्किटांचा डबा. “कुठवर आलंय काम?” म्हणत तो शेडमध्ये शिरला, आणि पापा “अरे थांब, थांब” म्हणेपर्यंत पिकअपचं दार उघडून चालकाच्या सीटवर चढलाही. चढला म्हणजे अडकला! गुडघे स्टिअरिंगला भिडले, डोकं छताला टेकलं, आणि तो हसायला लागला.

“अगं लिंडा, हे काय केलंस? सर्कशीतल्या बुटक्यासाठी शिवलीस काय सीट? नावाजलेली कारागीर ना तू!”

कितीतरी वर्षं मुकाट्याने गिळलेलं सगळं त्या एका हसण्याने उसळून बाहेर आलं.

“मला काय विचारतोस? यांना विचार!” ती किंचाळली. सुरी तिने कामाच्या टेबलावर आदळली. “पुढे घे, आखूड कर, वर उचल! मी सांगून थकले की तो आता पोर नाही, घोडा झालाय! पण माझं ऐकतंय कोण या घरात? माझं आयुष्य गेलं हो पापा या शेडमध्ये... माझी एवढीशी जागा होती त्या गाडीत, तीही माझ्याकडूनच काढून घेतलीत, वर माझ्याच कामाचं हसं केलंत! शिवा तुम्हीच तुमच्या लेकाची सीट. मी नाही आता दोऱ्याला हात लावत!”

एलॉयचं हसू ओठांवरच विरलं. पापा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

“एलॉय, उतर,” ते म्हणाले. “लिंडा, तू बस.”

“मी? मी कशाला?”

“बस म्हणतो ना!”

ती चढली, ती रागानेच. दार धाडकन ओढून घेतलं. आणि मग... पाठीचा उंचवटा तिच्या कमरेच्या नेमक्या त्या जागी येऊन टेकला, जिथे शिवणयंत्रावर वाकून वाकून रोज संध्याकाळी कळ यायची. मांड्यांखालचा फोम गुडघ्याच्या अलीकडे बरोब्बर थांबला. तिने डावा पाय पुढे केला, आणि क्लच खाली गेला. अगदी तळापर्यंत! पाटात गेलेल्या त्या दिवशी तो कधी तळाला गेलाच नव्हता... बाकडं पापांच्या पायांना लावलेलं होतं, आणि ती पोर नुसत्या बोटांच्या टोकांनी दाबत होती. दोष हाताचा नव्हता, जागेचा होता! तिने क्लच सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

“माझं माप... तुम्ही कधी घेतलंत, पापा?”

“घ्यायला कशाला हवं?” म्हातारा खिडकीशी येऊन उभा राहिला. “तू यंत्रावर बसायचीस आणि मी मागे, शेगडीपाशी. कंबर मोडलेल्या माणसाला दुसरं काय होतं बघायला? इतकी वर्षं तुझी पाठच बघत आलो, पोरी. तोंड बघायची हिंमत नाही झाली.”

“मग बाकडं का काढायला लावलंत? मला वाटलं...”

“बाकडं सरकवलं तर अख्खंच सरकतं. तुझ्या पायासाठी पुढे ओढलं तर माझा हा ताठ पाय मावत नाही. माझ्यासाठी मागे ठेवलं तर तुला क्लच लागत नाही. मग दोन नको करायला?”

“आणि हे मला सांगितलं असतंत तर तोंड दुखलं असतं तुमचं?”

“सांगितलं असतं तर उरल्यासुरल्या चिंधीची शिवली असतीस स्वतःची सीट. मी ओळखत नाही तुला? एलॉयची समजलीस, म्हणून जीव ओतलास.”

तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. राग अजून गेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग असा एका वाक्याने जातो थोडाच! तिला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, या हट्टी माणसाला गदगदा हलवावंसं वाटत होतं... आणि पाय क्लचवरून काढवत नव्हता.

एलॉय शेडच्या दाराशी मान खाली घालून उभा होता. “पापा, मी समजत होतो गाडी मलाच...”

“तू काय समजत होतास ते मला ठाऊक आहे. मीच तुला समजू दिलं. चुकलं माझं.”

एलॉयने डबा उघडला, बंद केला. मग ताईच्या खिडकीशी आला. “लिंडा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मग मिरवणुकीत मी बसायचं कुठे?”

“मागे हौद्यात,” ती नाक पुसत म्हणाली. “आणि तो पांढरा शर्ट घालून येऊ नकोस. धूळ असते.”

तो हसला, आणि खिडकीतून हात घालून त्याने तिच्या केसांतला फोमचा भुगा झटकला. तिने तो झटकू दिला.

मग ती खाली उतरली. दुसऱ्या बाजूची सीट तशीच होती, सांगाड्यावर नुसता उघडा फोम. तिने ते दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आता तुमची. चढा. पाकीट काढा खिशातून. बूट राहू द्या.”

पापा मुकाट्याने ऐकत होते! एलॉयने काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. तो ताठ पाय सरळ पसरला, आणि पुढे जागा उरली. एर्लिंडा आत गुडघ्यावर टेकली, एका हातात खडू, दुसरा हात बापाच्या पाठीमागे सरकवून कुठे टोचतंय ते चाचपायला लागली. किती वर्षांत तिने या माणसाला असा हात लावला नव्हता... शर्टाखाली मांस असं नव्हतंच. खांद्याची हाडं, बरगड्या, मणके, एकेक सुटं लागत होतं. सीट केवढी रुंद दिसत होती त्यांच्याभोवती. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने घर हादरायचं, तो माणूस हा?

“पापा, नीट टेकून बसा ना,” ती म्हणाली. “अंग चोरू नका. माप चुकेल.”

“नीटच बसलोय गं,” पापा म्हणाले. “एवढाच उरलोय.”

एर्लिंडाने सुरीची वायर प्लगमधून काढून ठेवली आणि त्यांच्याभोवतीची मोकळी जागा भरेल असा नव्या फोमचा जाड तुकडा आणायला ती उठली.