छावणीतून गायब झालेली श्रावस्ती

"लोमटे, तिथलं सोडा आणि आधी छावणीवर जा. टीव्हीवाल्यांची एक पोरगी गायब झालीय."

फौजदार सत्यभामा लोमटे रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभी होती. सकाळचे साडेआठ वाजले होते. आत खाटेवर जळकोटचा महालिंगप्पा बेशुद्ध पडला होता. सत्तरीचा म्हातारा. दिवस उगवताना सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून निघाला होता. कुणीतरी त्याला उडवलं आणि मागं वळून न बघता निघून गेलं.

"साहेब, इथं माणूस मरणाच्या दारात आहे. उडवणारा अजून सापडला नाही."

"तो कुठं पळतोय? तिकडं अमरसिंह आहे. कॅमेरे आहेत. दुपारपर्यंत बोभाटा होईल."

फोन बंद झाला. सत्यभामानं दात आवळले. सिनेमातला हिरो आणि सायकलवरचा म्हातारा, यांत कोण आधी, हे साहेबांनी सांगून टाकलं होतं.

ती जाता जाता पुन्हा आत डोकावली. महालिंगप्पाची बायको इरम्मा नवऱ्याचे तळवे चोळत कानडीत काहीतरी पुटपुटत होती. तिच्या शेजारी एक मुलगी बसली होती. दवाखान्याची पांढरी चादर तिनं डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतली होती. चादरीखालून केशरी बूट तेवढे दिसत होते.

"नात का गं तू?"

मुलीनं मान डोलावली.

"गाडी बघितलीस?"

मान आडवी हलली.

इरम्मा तिच्याकडं वळून काहीतरी बोलली. मुलगी गोंधळून नर्सकडं बघू लागली. "काय म्हणत्यात या?"

"पाणी मागतायत," नर्स म्हणाली. मुलगी लगबगीनं उठली.

सत्यभामानं नोंदवही चाळली. रुग्ण दाखल, सहा पस्तीस. आणणारा, शांतलिंग, दुधाचा टेम्पो. तिनं हवालदार शंभुलिंगला फोन लावून शांतलिंगला गाठायला सांगितलं आणि चडफडत जीपमध्ये बसली.

छावणी अणदूरच्या पुढं माळावर होती. रुग्णालय एका टोकाला, छावणी दुसऱ्या टोकाला, आणि अपघाताची जागा दोन्हींच्या मधोमध. गाडीनं सगळं अंतर कापायला पाऊण तास लागला. फाटकावर भलामोठा फलक होता. 'पुन्हा उभे राहू'. लाल जीपच्या बॉनेटवर बसलेला अमरसिंह, आणि मागं सहा पोरं. कुणी मारामाऱ्या केलेलं, कुणी घर सोडून पळालेलं. वाट चुकलेल्या पोरांना हिरो माणसात आणतो, असा तो कार्यक्रम. शेवटच्या मुलीच्या केसांत लाल बटा, डोळ्यांत भरघोस काजळ, अंगावर चामड्याचं जाकीट. चेहरा असा की बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं.

"तीच ती श्रावस्ती," दिग्दर्शक कुलदीप म्हणाला. बुटका, सतत हातवारे करणारा माणूस. "वाशी तालुक्यातली. सोळा वर्षांची. मुख्याध्यापकांची कार पळवून शाळेच्या भिंतीवर घातली होती तिनं. मॅडम, जरा पुन्हा फाटकातून आत येता का? मघाशी प्रकाश नीट नव्हता."

"कॅमेरा बंद करा."

"बंदच आहे."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. सत्यभामानं स्वतः हात घालून तो बंद केला.

उरलेली पाच पोरं ओट्यावर ओळीनं बसली होती. सगळ्यांच्या पायांत सारखेच केशरी बूट. काही विचारलं की ती एकमेकांकडं बघत. पाठ केल्यासारखी उत्तरं देत. "ती आमच्या कुटुंबाचा भाग होती," एकजण म्हणाला. होती! जणू मेलीच. सत्यभामाचं डोकं तडकायला लागलं.

"तिच्या गादीवर चिठ्ठी सापडली," कुलदीपनं कागद पुढं केला.

'मी चुकले. मला माफ करा. मी आता परत येणार न्हाय.'

अक्षर श्रावस्तीचंच, पोरांनी सांगितलं. कागदाची वरची कड फाटलेली होती. डाव्या समासात दोन गोल भोकं होती.

"हा तुमचाच खेळ नाही ना? लोकांनी बघावं म्हणून?"

कुलदीप दुखावला. "इतकं भारी मला सुचलं असतं तर मी आधी चार कॅमेरे लावले नसते का? ती गेली आणि आमच्याकडं एक दृश्य नाही!"

हे मात्र तिला खरं वाटलं.

"असा कागद पोरांकडं असतो?"

"पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पत्रं लिहिली. ज्याला दुखावलं त्याला. ती अमरसिंहदादांनी फाईलला लावून स्वतःच्या व्हॅनमध्ये कुलपात ठेवलीत. शेवटच्या भागात तेच वाचणार. मलाही वाचू दिली नाहीत."

तेवढ्यात शंभुलिंगचा फोन आला. "मॅडम, रस्त्यावर हेडलाइटची काच घावलीय. अन् लाल रंगाच्या खपल्या. शांतलिंग दूध घालून आला की त्याला धरतो."

लाल. सत्यभामानं फाटकावरच्या फलकाकडं बघितलं.

"ती जीप कुठाय?"

राखणदार ज्ञानोबा खाली मान घालून मागच्या शेडकडं चालू लागला. शेडमध्ये ताडपत्रीखाली जीप होती. डावा दिवा फुटलेला, बंपर वाकलेला. सत्यभामा ड्रायव्हरच्या जागी चढून बसली. सीट पार मागं सरकवलेली. तिचा पाय क्लचपर्यंत पोचेना.

"ही कधी आत आली, ज्ञानोबा?"

"गेली तवा म्या झोपेत हुतो. आली साडेसहाला. टाकीवरचा भोंगा तवाच होतो म्हणून ध्यानात हाय. मी फाटक उघडलं. पण काचंवर धूळ अन् तोंडावर ऊन, चालवणारं माणूस न्हाय दिसलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी त्यांना गप्प बसायला सांगितलं," मागून खर्जातला आवाज आला.

अमरसिंह सहा फुटी होता. पडद्यावर दिसे त्याहून उंच. डोळे लाल झालेले. त्यानं दोन्ही हात जोडले. "माझा गुन्हा आहे, मॅडम. मी त्या पोरीला वाचवायला बघत होतो. पहाटे ती जीप घेऊन गेली. कुणाला तरी धडक दिली, परत येऊन गाडी लावली, चिठ्ठी लिहिली आणि पळाली. मी फक्त वर ताडपत्री टाकली. जीपला दुसरा हात लावला नाही. लेकरू आहे हो ते. शोधा, पण सांभाळून घ्या."

कुलदीपनं कधी कॅमेरा सुरू केला, कळलं नाही. पोरं रडायला लागली. ज्ञानोबानं डोळे पुसले. सगळं जुळत होतं. कार पळवलेली पोरगी, फुटलेला दिवा, चिठ्ठी. प्रकरण मिटलं होतं. तरी तिला स्वतःचाच राग येत होता, आणि का येतोय ते उमगत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला.

"शांतलिंग घावला, मॅडम," शंभुलिंग म्हणाला. "त्यो म्हणतो, सव्वासहाला त्यो तिथं पोचला. रस्त्यावर गाडी नव्हती. एक पोरगी म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घिऊन आरडत होती. तिनंच टेम्पो थांबवला. दोघांनी उचलून मागं घातलं. ती दवाखान्यापातुर संगंच हुती. लई गुणाची नात हाय, म्हणतो."

सत्यभामानं डोळे मिटले. पांढरी चादर. केशरी बूट. आणि इरम्मानं पाणी मागितलं तेव्हाचा तो गोंधळलेला चेहरा.

"शंभुलिंग, महालिंगप्पाच्या घरात काय बोलतात?"

"कानडीच की. का वो?"

"मग नातीला आजीचं बोलणं कळायला नको?"

तिनं फोन ठेवला. ज्या पोरीला हुडकायला तिला रुग्णालयातून पिटाळलं होतं, तिला ती सकाळी तिथंच बघून आली होती. स्वतःच्या तोंडानं 'नात का गं' विचारून उत्तरही तिच्या तोंडात घातलं होतं.

"अमरसिंह, श्रावस्तीनं जीप परत आणली म्हणता?"

"हो."

"साडेसहाला?"

"ज्ञानोबा सांगतोयच की."

"सव्वासहाला ती जखमी म्हाताऱ्याजवळ रस्त्यावर बसली होती. सहा पस्तीसला रुग्णालयात होती. नोंदवहीत वेळ आहे, टेम्पोवाला साक्षीदार आहे. एकच पोरगी एकाच वेळी दोन्हीकडं कशी?"

अमरसिंहचे जोडलेले हात खाली आले.

"म्हणजे जीप दुसऱ्या कुणीतरी परत आणली. ज्ञानोबा फाटकावर होते. कुलदीप, तुम्ही जरा जीपमध्ये बसा."

कुलदीप चढला. त्याचे पाय अधांतरी लोंबले.

"ही सीट सहा फुटी माणसासाठी मागं घेतलेली आहे. तिथं तुमचेच पाय पोचतात, अमरसिंह. आणि तुम्हीच म्हणालात, ताडपत्रीशिवाय हात लावला नाही."

"सीट कुणीही सरकवेल."

"सरकवेल. पण चिठ्ठी कुणीही आणू शकत नाही." तिनं कागद उचलून धरला. "या भोकांचा अर्थ हा कागद फाईलला लावलेला होता. वर ज्याला लिहिलं त्याचं नाव होतं, म्हणून वरची कड फाडली. हे तिनं पहिल्या आठवड्यात लिहिलेलं माफीचं पत्र आहे. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. ती पोरगी छावणीत परत आलीच नाही, मग गादीवर चिठ्ठी ठेवली कुणी?"

"दादा?" कुलदीप पुटपुटला. पहिल्यांदाच त्यानं आपणहून कॅमेरा खाली केला.

"तिला घेऊन कशाला गेला होतात?"

त्याचा पडद्यावरचा आवाज गळून पडला. "व्हिडिओ काढायला. कार पळवणाऱ्या पोरीला मी गाडी शिकवतोय... चाहत्यांसाठी. चालवत मीच होतो. फोन एका हातात होता. म्हातारा दिसलाच नाही."

"आणि नंतर?"

"ती उतरली. म्हणाली, उचलू या. मी म्हणालो, बस गाडीत. ती ऐकेना."

"म्हणून सोडून आलात. तिला काय सांगितलंत?"

"की... बोललीस तर गाडी तूच चालवत होतीस असं सांगीन. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

ओट्यावरची पोरं रडायची थांबली होती. त्यांतल्या एकीनं बूट काढले आणि भिंतीवर भिरकावले.

"मी ठेवलाच होता विश्वास तुमच्यावर," सत्यभामा म्हणाली. "दहा मिनिटांपूर्वी. चला. फोन इकडं द्या."

रुग्णालयात पोचायला दुपार झाली. साहेबांचे चार फोन येऊन गेले होते. हिरोला हात लावण्याआधी विचारायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. तिनं एकही परत लावला नाही.

महालिंगप्पा अजून बेशुद्धच होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणला म्हणून श्वास चालू आहे, पुढचं सांगता येत नाही. चादर गुंडाळलेली मुलगी तिथंच, स्टुलावर. केसांतल्या लाल बटा आता चादरीतून सुटल्या होत्या. खाकी कपडे बघून ती उठली, दाराकडं बघितलं, पण पळाली नाही.

"म्या न्हाय चालवली," ती म्हणाली. "तुमी मानणार न्हाय. पर म्या न्हाय चालवली."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच कबूल केलं."

श्रावस्ती खाली बसली. तिला रडू आलं नाही. ती नुसती हाताच्या बोटांकडं बघत राहिली. नखांत रक्त वाळलेलं होतं.

"सकाळी का नाही बोललीस मला?"

"तुमी विचारलं, नात का. म्या म्हटलं, असू दे. नात असल्यावर कुणी हाकलत न्हाय."

इरम्मानं नवऱ्याच्या पायावरचा हात काढून मुलीच्या पाठीवर ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. या वेळी श्रावस्तीनं नर्सकडं बघितलं नाही. ती थोडी तिच्याकडं सरकली.

सत्यभामानं दुसरं स्टूल ओढलं आणि कोरा कागद मांडीवर घेतला.

"पूर्ण नाव सांग. मग सकाळपासून सगळं. तुझ्या शब्दांत."

"सगळं?"

"सगळं. मी लिहिते."