शेवंतीचे रविवार

मेढ्याच्या रस्त्याकडेला एक टेम्पो उभा होता आणि चौघं बाप्ये मिळून एका तांबड्या घोडीला आत ओढत होते. घोडी मागे रेटत होती. तोंडात काटेरी लगाम, ओठाला रक्त. मी स्कूटी तिथंच आडवी घातली. माणसांशी मला धीर धरता येत नाही, घोड्यांशी येतो; घरच्या घोड्यांवर पोरांना रपेट शिकवते, तेवढाच काय तो माझा शहाणपणा.

"आवं, सोडा ती दोरी आधी!"

"मग चढायची कशी ती?" त्यांच्यातला तरुण म्हणाला. घामाघूम झालेला, पण आवाज मऊ.

"तिला विचारा की!"

तो हसला... आणि त्यानं खरंच दोरी सोडली. लगाम काढून मी तिच्या तोंडावर साधी दोरीची मोरकी घातली आणि फळीजवळ तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिनं मान खाली घातली, ओठांवरून जीभ फिरवली, लांब श्वास सोडला. मी फळीवर पाऊल टाकलं. मागोमाग टाप वाजली.

"काय सांगितलंत तिला?" तरुणानं डोळे विस्फारले.

"काहीच नाही. म्हणून तर ऐकलं तिनं."

तो निमिष. पलूसचा, द्राक्षबाग असलेला. बहिणीच्या, अपेक्षाच्या लग्नासाठी त्यानं ही शेवंती नुकतीच विकत घेतली होती. परण्याला, म्हणजे मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, नवरदेव तिच्यावर बसून येणार होता. पण त्याचे चुलते भाऊसो टेम्पोत डोकावले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"आरं, डोळ्याखाली भोवरा हाय हिच्या! आसूढाळ घोडी! लग्नघरात रडारड करायची हाय व्हय तुला? बाजार दाखव हिला!"

केसांच्या एवढ्याशा भोवऱ्यापायी! माझं डोकंच फिरलं. "माझ्याकडे राहू द्या तिला," मी म्हणून बसले. "लग्नात बँडपुढं शांत चालली तर ठेवा. नाहीतर खुशाल विका."

"न्हाई चालली तर व्यापारी मांडवातनंच नील," भाऊसोंनी बजावलं. तर टेम्पोत चढलेली शेवंती पुन्हा खाली उतरली आणि माझ्या घरी आली.

निमिष दर रविवारी पलूसहून येऊ लागला. वेण्णेकाठच्या गवतात आम्ही शेवंतीजवळ नुसतं बसायचो. तिच्याकडून काही मागायचं नाही, हा माझा नियम.

"कवापतूर गप बसायचं?" तो कुजबुजायचा.

"तिला आपण हवेसे वाटेपर्यंत."

"आन्... तुमाला?"

मी घाईघाईनं तिच्या आयाळीतला गुंता सोडवायला घेतला. गुंता नव्हताच.

मग तो मोबाइलवर बँडची गाणी लावू लागला. आधी लांबून, हळू. शेवंती बिचकली की आम्ही तिला जाऊ द्यायचो; ती पार बांधापर्यंत पळायची आणि कान टवकारत आपणहून परत यायची. एकदा आली ती थेट निमिषच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. तो हललासुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिला फक्त... आणि मला तो लय आवडतो, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं.

पण शेवंती जिंकली की पलूसला जाणार. मग रविवारी मेढ्याला कोण कशाला येईल? आणि हरली तर व्यापारी. दोन्हीकडून माझंच जाणार होतं.

लग्नाच्या दिवशी पलूसच्या देवळापुढं बँड दणाणत होता. शेवंतीची कातडी थरथरली, पण ती उभी राहिली. नवरदेव रिकिबीत पाय घालणार, तोच त्याचे मामा गरजले, "भोवरा बघितला का? आमचा नवरा हिच्यावर बसायचा न्हाई!"

भाऊसोंनी व्यापाऱ्याला फोन लावायला मोबाइल काढला. निमिषचा चेहरा उतरला.

"मग मी बसते!"

देवदर्शनाला आलेली अपेक्षा शालू सावरत पुढं आली. "माझ्या भावानं माझ्यासाठी आणलीय. ह्यांनी संगं चालावं."

नवरदेव हसला आणि त्यानं स्वतः तिला वर चढवलं. मी मोरकी धरली. मिरवणूक वळणावर आली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. शेवंतीनं डोळे फिरवले.

"दोरी आवळ!" भाऊसो ओरडले.

मी दोरी ढिली सोडली. तिच्या मानेवर तळवा ठेवून नुसती श्वास घेत राहिले. दुसऱ्या बाजूला निमिष, तसाच, गप्प. माळ संपेपर्यंत शेवंती जागची हलली नाही. मग तिनं मान झटकली आणि अशी ऐटीत निघाली की बायका घराघरांतून ओवाळायला बाहेर आल्या. मामासुद्धा फोटो काढत होते!

अपेक्षा सासरी निघाली तेव्हा भाऊसो शेवंतीच्या गळ्यात पडून हमसून रडले. "आता ही कुठं जात न्हाई," ते म्हणाले. "घरचीच हाय."

जिंकलो होतो. माझे मात्र डोळे भरून आले. बँड अजून वाजतच होता.

"आता रविवारी काय करू मी?" निमिष जवळ येऊन म्हणाला.

"ये की... घोडी नसली तरी."

"आँ? काय म्हणालीस?"

माझा धीर तिथंच संपला. "मला तू आवडतोस!" मी सगळा जोर लावून ओरडले, आणि नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

अख्खा मांडव माझ्याकडे वळला. निमिष कानापर्यंत लाल. मी पळून जायला हवं होतं, पण गेले नाही. त्याचा हात धरला आणि तेच पुन्हा, अगदी हळू म्हणाले.

"मला बी," तो म्हणाला. "लय."

"पोरी," भाऊसो डोळे पुसत हसले, "मेढ्याला यायला टेम्पो हायच आपला. या रविवारी सगळ्यांनाच घिऊन येतो!"