शुक्रावरचा फेरा

१९९१ साली आम्ही आचोळ्याला राहायचो. माझ्या प्रबंधाचं पाचवं वर्ष रखडत चाललं होतं. शुक्राभोवती फिरणारं एक यान ढगांआडची जमीन रडारने टिपायचं, एका फेरीत एक अरुंद पट्टी. त्या पट्ट्यांचे छापे लादीवर अंथरून, कडा जुळवून मी एका मैदानाचा नकाशा करत होतो. खडबडीत जमीन पांढरी उमटते, गुळगुळीत काळी.

एक पट्टी जुळेना. तिच्या कडेला एक कडं होतं आणि त्यातून निघालेली सरळ काळी रेघ. शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर येतात; तीन तास आधी टिपलेल्या शेजारच्या पट्टीत तोच तुकडा कोरा होता.

"यंत्राचा दोष," माझे सर म्हणाले. मी तीनदा नव्याने छापा काढला. कडं तिथेच.

मी बायकोवर, प्रेमलावर, उगाच खेकसलो, जेवणाचं ताट तसंच सोडलं. तिचे काका रामनाथ वाडीतली केळी घेऊन आले होते. ते छाप्याजवळ उकिडवे बसले.

"विहिरीवरच्या रहाटाचा फेरा हाय. बैलाच्या फिरन्यानं असाच गोल पडतो. आणि हा पाट. पानी लागलंय."

"काका, तिथे साडेचारशे अंश उष्णता आहे. पाणी कुठलं? आणि हे कडं सहा किलोमीटरचं आहे."

"मग बैल मोठा असंल."

मला हसूही आलं नाही.

आठ महिन्यांनी यान पुन्हा त्याच जागेवरून गेलं. नवा छापा हाती आला. कडं नव्हतं. त्या जागी पांढरा, खडबडीत ढीग होता.

"बघा, दोषच होता," सर फोनवर म्हणाले. आठ महिने वाया गेले म्हणून मी चरफडत फोन ठेवला.

"काकांना दाखवा की," प्रेमला म्हणाली.

काकांनी बराच वेळ पाहिलं.

"बुजवली."

"पाणी आटलं असेल," मी चिडून म्हणालो.

"आटली म्हनून विहीर कोन बुजवत नाय."

"मग?"

"आत कोन पडलं की बुजवतात."

प्रेमला आत निघून गेली.

ढिगाभोवती बारीक पांढरे ठिपके होते. रडारच्या चित्रात असे ठिपके सगळीकडे विखुरलेले असतात. मी भिंग घेऊन वाकलो.

हे विखुरलेले नव्हते. ढिगाभोवती गोल करून, सारखं अंतर राखून उभे होते.