होल्डवरचा निकाल

या प्रकरणात सगुणाबाई बेहेरे यांचा वाटा कोणता, हे प्रथम स्वच्छ सांगितले पाहिजे. पालीजवळच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. आपल्या शाळेचा दहावीचा निकाल सर्वांच्या आधी हाती यावा, असा त्यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी शाळेचा शिपाई धोंडू घवाळी याला त्यांनीच रत्नागिरीला धाडले. निरोप त्यांचा होता. पुढे जे घडले, त्याचा उगम त्या निरोपात आहे.

हरिश्चंद्र आजोबा ही गोष्ट सांगतात तेव्हा तेही सुरुवात इथूनच करतात. मालगुंडला त्यांच्या पडवीत, जेवणे आटोपली आणि वीज गेलेली असली, की नातवंडे त्यांना खेटून बसतात.

"हे माझ्यावर गुदरलेले नाही," आजोबा आधीच बजावतात. "अमरदीप तांब्यांवर गुदरले. मी तिथे फाटकावर राखणदार होतो, एवढाच माझा संबंध. खोटे वाटत असेल त्याने झोपायला जावे."

झोपायला कोणी जात नाही.

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. रत्नागिरी शहरात 'सागरदीप संगणक केंद्र' नावाची एक खाजगी संस्था शाळांचे निकाल छापून देत असे. अमरदीप तिथे ऑपरेटर होता. पंचविशीतला, हुशार, सगुणाबाईंच्याच हाताखालून गेलेला. खरा संगणक मुंबईत होता. रत्नागिरीत होते ते त्याचे टर्मिनल, म्हणजे टेलिफोनच्या तारेने मुंबईला जोडलेला कळफलक, उत्तरे दाखवणारा पडदा आणि कपाटाएवढा प्रिंटर. मुंबईत तयार झालेली कामे रांगेत उभी राहत आणि एकेक करून इथे छापली जात. अमरदीपने हुकूम टाइप करायचा, मुंबईच्या यंत्राने तो पाळायचा. 'डिस्प्ले' म्हटले की रांग दिसे. 'होल्ड' म्हटले की एखादे काम जागच्या जागी थांबे, 'रिलीज' म्हटले की सुटे. 'कॅन्सल' म्हटले की ते कायमचे पुसले जाई.

"म्हणजे हा इथे बसून मुंबईला हुकूम सोडायचा?" ऋतिका विचारते.

"मुंबईला कोण हुकूम सोडणार, गो? फक्त आपल्या टर्मिनलच्या कामांना."

जूनच्या अखेरीस एका दुपारी धोंडू केंद्रात आला. चाळिशी ओलांडलेला माणूस, खाकी सदरा, काखेत छत्री.

"बाईंनी सांगितलंय, आमच्या शाळेचा निकाल पयला काढा. घेतल्याबिगर मी परत जायचा नाय."

"बाई अजून तशाच आहेत काय रे? पट्टी आहे, का मोडली?"

"पट्टी कशाला लागते वो? नुसतं चष्म्यावरनं बघितलं, की पोरगं आपणहून हात पुढं करतं."

दोघेही हसले. अमरदीपने डिस्प्ले दिला. रांगेत शाळेच्या कामापुढे एक चिमुकले काम उभे होते. कामांना नावे नसत, क्रमांक असत. पण काम कुठल्या प्रकारचे, ते कळे. हे काम बहिःस्थाचे होते, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसलेल्या कुणा एकाचे. पान एकच, पण बहिःस्थांचा निकाल निराळ्या, आखीव हिरव्या कागदावर काढावा लागे. त्यासाठी चालू कागद उतरवा, हिरवा चढवा, रेघेला रेघ जुळवा, पान निघाले की पुन्हा सारे उलट करा. अशा वेळी सगळेच ऑपरेटर जे करत, तेच अमरदीपने केले. त्या एका पानाला होल्ड दिला. प्रिंटर धडधडू लागला आणि शाळेचा निकाल घडीवर घडी पडत बाहेर आला.

धोंडू ते बघत उभा होता. कागद काखेला मारून तो दारापर्यंत गेला, आणि थबकला.

"बाहेरनं बसलेल्यांचं कधी निघतं वो?"

"येईल चार दिवसांत. का रे?"

"हाय आमच्याकडचा एक."

संध्याकाळी हिरवा कागद चढवून ते पान काढायचे, असे अमरदीपने मनाशी ठरवले होते. संध्याकाळी दुसऱ्या तीन शाळांची माणसे आली. होल्ड तसाच राहिला.

पुढे धोंडू वरचेवर येऊ लागला. शाळा सुटली की एसटीने यायचा, दारातूनच विचारायचा, आणि अमरदीप मान वर न करता सांगायचा, "मुंबईहून आलेला नाही." डिस्प्ले देऊन बघावे, असे त्याच्या मनात एकदाही आले नाही. मुंबईवर ढकलले की उत्तर संपत असे. सगळ्यांना तेच सांगायची सवय जडली होती. एकदा धोंडूने हळूच कबूल केले, की तो बाहेरून बसलेला माणूस म्हणजे तो स्वतःच. शाळेत प्रयोगशाळेच्या परिचराची जागा निघाली होती. दहावी उत्तीर्ण झाल्याचा कागद मुदतीत दाखवला असता, तर ती त्याला मिळण्यासारखी होती.

"बाईंना कळू देऊ नका हां, भाऊ. पास झालो तरच सांगीन."

"तुझा कागद मी काय माझ्या घरी नेऊन ठेवलाय? मुंबईचा कारभार आहे, बाबा. धीर धर."

धोंडूने धीर धरला. मुदत टळली. ती जागा सगुणाबाईंनी बाहेरच्या एका मुलाला दिली. तरीही धोंडू यायचाच. जागा गेली, पण आपण पास की नापास, हे तर कळायला हवे होते!

इथे आजोबा थांबतात. कंदिलाची वात थोडी खाली करतात.

बुधवार, तेरा जुलै. अमावास्येची रात्र. अकरा वाजून गेले होते. केंद्रात अमरदीप एकटा होता. मुंबईची काही कामे रात्रीच येत. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. रांग संपली, प्रिंटर गप्प झाला. साइन ऑफ करून तार मोकळी करावी, म्हणून त्याने कळफलकावर हात ठेवला.

"आला काय वो?"

दारात धोंडू होता.

"धोंडू? या वेळेला? गाडी कुठली मिळाली तुला?"

"चालत आलो."

"पालीपासून?"

"हातखंब्यापासून."

अमरदीपला राग आला. "वेड लागलंय का तुला? सांगितलं ना, आलेला नाही. मुंबईहूनच..."

"एकदा बघा."

इतक्या दिवसांत धोंडू हे शब्द कधी बोलला नव्हता. विचारायचा, ऐकायचा, जायचा. अमरदीपने त्राग्याने डिस्प्ले दिला. बघ म्हणावे, रिकामी आहे रांग.

रांग रिकामी नव्हती.

एक काम उभे होते. स्थिती होल्ड. तारीख जूनमधली. होल्ड कोणी दिला, त्यापुढे टर्मिनलचा क्रमांक होता... त्याच्याच.

अमरदीपच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती दुपार आठवली. हिरवा कागद आठवला. दारात उभे राहून विचारणारा माणूस आठवला, आणि मान वर न करता दिलेले प्रत्येक उत्तर आठवले. मागे वळून बघण्याची त्याची छाती होईना.

"उद्या ये," तो पाठमोराच म्हणाला. "मुंबईला विचारतो."



त्याला वाटले, आता रिलीज द्यावा तर रत्नागिरीहून इतके दिवस काम अडवले होते, हे मुंबईच्या नोंदीत उघड दिसणार. त्यापेक्षा पुसून टाकावे. सकाळी फोन करावा, 'आम्हांला मिळालेच नाही, नव्याने पाठवा' म्हणावे. अब्रूही राहील, नोकरीही राहील. कोणाला कळणार आहे?

त्याने टाइप केले. कॅन्सल. कामाचा क्रमांक. बोट शेवटच्या कळीवर टेकले...

"अमरदीपभाऊ."

आवाज दारातून आला नव्हता.

अगदी कानाशी आला.

"पुसू नका."

पाऊस थांबला होता. की ऐकू येत नव्हता... अमरदीपला हलता येईना. मानेवर गार हवा. श्वासासारखी. पण श्वासाला ऊब असते...

त्याने कळ दाबली नाही. हे तो पुढे शपथेवर सांगत असे. बोट उचललेसुद्धा नाही.

पडद्यावरचा शब्द गेला.

दुसरा उमटला.

रिलीज.

मागे प्रिंटर धडधडला. एक पान. फक्त एक. मग शांत.

तो उठला तेव्हा दारात कोणी नव्हते. प्रिंटरमध्ये कागद पांढरा होता. हिरवा कोणीच चढवला नव्हता. कोऱ्या पानावर रेघांवाचून नुसते आकडे उभे होते. वर नाव होते. घवाळी धोंडू. खाली एक शब्द होता. उत्तीर्ण.

ते पान फाडून तो पावसात धावत फाटकाशी आला.

"हरिश्चंद्रदादा! धोंडू कुठल्या बाजूला गेला?"

"कोण धोंडू?"

"शिपाई. पालीकडचा. आत्ता आत आला होता ना?"

हरिश्चंद्र खुर्चीतून उठले. "फाटक मघापासून बंद आहे. आणि तांबे, तुम्हांला कोणी सांगितले नाही? एसटीचा कंडक्टर सकाळी बोलत होता... शुक्रवारी इथून निघाला, शेवटची गाडी चुकली, म्हणून चालत गेला. पालीच्या वाटेवर, हातखंब्याच्या उतारावर ट्रकने..."



शुक्रवारी. म्हणजे शेवटचे 'आलेला नाही' ऐकून गेला, ती रात्र.

दुसऱ्या दिवशी अमरदीप ते पान घेऊन धोंडूच्या घरी गेला. धोंडूची बायको जनी ओटीवर बसली होती, आणि भेटायला आलेल्या सगुणाबाई समोर खुर्चीवर होत्या. अमरदीपने उंबऱ्यापाशी उभे राहून सारे सांगितले. होल्ड सांगितला, खोटी उत्तरे सांगितली, पुसायला निघालो होतो हेही सांगितले. 'शाळेचा निकाल आधी काढा' हा निरोप कोणाचा होता, ते मात्र त्याने वगळले. बाईंना ते न सांगता कळले.

त्यांनी सवयीने चष्मा लावला आणि पान हातात घेतले. सर्व विषयांत उत्तीर्ण. मराठीत पस्तीस; काठावर.

"मला सांगायचे तरी," बाई म्हणाल्या. "मी शिकवले असते त्याला."

"म्हणूनच नाय सांगितलं, बाई," जनी शांतपणे म्हणाली. "तो बोलायला तोंड उघडायचा नि तुम्ही पोरांसमोर त्याचं वाक्य सुधारायच्या. पोरं हसायची. पास झालो की बाईंसमोर जाईन, म्हणायचा, आणि मग बोलीन."

बाईंनी पान घडी न करता जनीच्या मांडीवर ठेवले. उद्या प्रार्थनेच्या वेळी हा निकाल आपण स्वतः वाचून दाखवू, असे त्या म्हणाल्या.

"तुमच्या शाळेत नको," जनी म्हणाली.



"मग? संपले?" शुभंकर विचारतो.

"संपले असते तर मी कशाला सांगत बसलो असतो?"

त्याच संध्याकाळी अमरदीपने साइन ऑन करून डिस्प्ले दिला. रांगेत एक काम उभे होते. तोच क्रमांक. होल्ड. त्याने रिलीज दिला. यंत्राने हुकूम मानल्याचे कळवले, आणि काम जागचे हलले नाही. मुंबईला फोन केला. मुंबईचा ऑपरेटर म्हणाला, "ते काम कालच छापून गेले. आमच्याकडे त्या क्रमांकाचे काही नाही. तुम्हांला कुठे दिसते?"

रत्नागिरीला दिसत होते. दुसऱ्या दिवशी दिसले. तिसऱ्या दिवशीही.

अमरदीपने निरोप धाडला, तेव्हा आठवड्याने सगुणाबाई जनीला घेऊन केंद्रात आल्या. अमरदीपने पडदा दाखवला. जनीला वाचता येत नव्हते; तिने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हाच काय?"

"हाच. कॅन्सल दिला तर कदाचित जाईल. तुम्ही म्हणाल तसे करतो."

जनीने बराच वेळ बोट उचलले नाही.

"राहूंदे," ती म्हणाली. "त्याला थांबवून ठेवलं होतं, हे कुठंतरी दिसूंदे."

तसे ठरले. त्या कामाला कोणी कधी कॅन्सल द्यायचा नाही. आणि निकाल विचारायला जो कोणी दारात येईल, त्याला आधी डिस्प्ले देऊन रांग दाखवायची, उत्तर मागाहून द्यायचे. अमरदीपने मान्य केले. रात्रीच्या राखणदाराने, म्हणजे हरिश्चंद्रांनी, मान्य केले. मग सगळे सगुणाबाईंकडे पाहू लागले; पहिला निरोप त्यांचा होता. पडद्यावरची नजर न काढता त्या "होय" म्हणाल्या. त्याहून मोठे वाक्य त्यांना त्या वेळी जमले नाही.